चिकटली, पण कशाला?

वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळेतली अँटीबॉडी

मागच्या अंकात जन्मजात प्रतिकारशक्तीवर लिहिलं होतं आणि अँटीबॉडीविषयी काही शंका असतील तर कळवा, असं सुचवलं होतं. पत्रं आली ती बहुतेक आपल्याच सातारा-सांगली पट्ट्यातून, आणि जवळजवळ सगळी टीएलआर४ या एकाच रिसेप्टरभोवती, म्हणजे जिवाणूंची खबर देणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाभोवती, फिरणारी. माझी नोकरी पुण्यात फ्लो सायटोमीटरसमोर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रासमोर गेली. निवृत्तीनंतर सांगलीत विश्रामबागेत राहायला आले, तरी कुणी अँटीबॉडीची नवी व्हायल, म्हणजे बाटली, घेऊन काही विचारायला आलं की मला त्यात अजून तितकाच रस वाटतो. तेव्हा काही उत्तरं लांबली आहेत, ती सवडीने वाचा.

प्रश्न : मी तासगावला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पुस्तकात अँटीबॉडी म्हणजे जंतूंशी लढणारं प्रथिन. मग 'टीएलआर४ ची अँटीबॉडी' हा काय प्रकार? हा रिसेप्टर तर आपल्याच पेशीवरचा. त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी कोण बनवतं आणि कशासाठी?

उत्तर : सर, ती अँटीबॉडी माणसाच्या शरीरात नाही, उंदराच्या शरीरात तयार होते. माणसाचा टीएलआर४ उंदराला परका. तो बाहेर मिरवणाऱ्या पेशी उंदराला टोचल्या की उंदराच्या बी पेशी त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतात. मग उंदराच्या प्लीहेतल्या बी पेशी काढून त्यांचा कर्करोगाच्या, न थांबता वाढणाऱ्या पेशींशी संकर करायचा. त्यातली नेमकी हवी ती एक पेशी निवडून वाढवली की एकाच घडणीची अँटीबॉडी हवी तितकी मिळत राहते. ही युक्ती केंब्रिजमध्ये जॉर्ज क्योलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली. पेटंट त्यांनी घेतलं नाही. १९८४ चं नोबेल त्यांना नील्स येर्ने यांच्यासोबत मिळालं. अशा एका पेशीच्या वंशावळीला आम्ही क्लोन म्हणतो. मानवी टीएलआर४ साठी सगळ्यांत जास्त वापरला गेलेला क्लोन म्हणजे एचटीए१२५. तो जपानमध्ये केन्सुके मियाके यांच्या गटाकडून आला.

कशासाठी, तर त्या रिसेप्टरला शोधायला. अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडायचा, पेशींवर घालायची, धुवायची आणि एकेक पेशी लेझरसमोरून जाऊ द्यायची. जी जास्त चमकली तिच्यावर रिसेप्टर जास्त, असा हिशोब. हा हिशोब कुठे कुठे फसतो, ते पुढच्या पत्रांत येईलच.

वर्गात सांगायला टीएलआर४ ची गोष्टही फार चांगली आहे. फळमाशीत टोल नावाचा जीन आधी भ्रूणाच्या घडणीच्या अभ्यासात सापडला होता. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ब्रुनो लमेत्र आणि ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवलं, की तो बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रुस्लान मेझितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांनी माणसातलं त्याचं भावंड शोधलं. तिकडे ब्रूस ब्युटलर वेगळ्याच वाटेने निघाले होते. सी३एच/एचईजे नावाच्या उंदरांना जिवाणूंचं एंडोटॉक्सिन टोचलं तरी काहीच होत नाही, याचं कारण ते वर्षानुवर्षं शोधत होते. डिसेंबर १९९८ मध्ये त्यांनी ते छापलं. त्या उंदरांच्या टीएलआर४ मध्ये ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आहे. एका अमिनो आम्लाची अदलाबदल, आणि अख्खा प्राणी एंडोटॉक्सिनला बहिरा! हॉफमन आणि ब्युटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं, राल्फ स्टाइनमन यांच्याबरोबर. माणसात असे टोलसारखे रिसेप्टर दहा आहेत. टीएलआर४ ओळखतो ते एलपीएस, म्हणजे ई. कोलाय, साल्मोनेला अशा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला मेदयुक्त रेणू. तेच एंडोटॉक्सिन. तेही तो एकटा ओळखत नाही, एमडी-२ नावाचं छोटं प्रथिन त्याला चिकटून असतं आणि एलपीएस खरं तर त्याच्या खोबणीत बसतं.

प्रश्न : मी साताऱ्यात पीएचडी करते. मधुमेहाच्या रुग्णांच्या मोनोसाइटवर, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवर, टीएलआर४ किती आहे ते एचटीए१२५ ने फ्लो सायटोमेट्रीवर मोजते. निरोगी लोकांपेक्षा रुग्णांत सिग्नल जास्त येतो, त्यामुळे सर खूश आहेत. पण त्याच अँटीबॉडीने वेस्टर्न ब्लॉट केला (जेलमध्ये प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने शोधली), तर टीएलआर४ च्या वजनाला, ९५ किलोडाल्टनला, काहीच नाही, ५० च्या आसपास मात्र ठळक बँड. अँटीबॉडी खराब निघाली का? कंपनीला लिहू का?

उत्तर : अगं, कंपनीला लिहायची घाई करू नकोस. तुझ्या वेस्टर्नपेक्षा मला तुझ्या फ्लोची जास्त काळजी वाटते. सर ज्यावर खूश आहेत, तेच आधी तपासायला हवं.

वेस्टर्नचं आधी उरकते. एचटीए१२५ पेशीवर मूळ घडीत असलेल्या टीएलआर४ ला धरते. वेस्टर्नसाठी आपण एसडीएस या साबणासारख्या रसायनात प्रथिन उकळतो, त्याची घडी पूर्ण मोडते. घडी गेली, की घडी ओळखणारी अँटीबॉडी काय धरणार? तिथे सरळ साखळीचा तुकडा ओळखणारी दुसरी अँटीबॉडी लागते. शिवाय टीएलआर४ मध्ये ८३९ अमिनो आम्लं आहेत, हिशोबाने वजन ९५ किलोडाल्टनच्या आसपास येतं हे खरं, पण त्यावर साखरेच्या साखळ्या असल्यामुळे जेलमध्ये तो ११० ते १२० ला दिसू शकतो. आणि ५० चा बँड? इम्युनोग्लोब्युलिन जी (आयजीजी) या रक्तातल्या नेहमीच्या अँटीबॉडीच्या जड साखळीचं वजन तेवढंच असतं. तुझं सॅम्पल रक्तातून आलेलं, त्यात माणसाच्या अँटीबॉडी भरपूर, आणि दुसऱ्या टप्प्यावरची अँटी-माऊस अँटीबॉडी त्यांना थोडीफार चिकटतेच. पहिली अँटीबॉडी न घालता फक्त दुसरी घालून एक पट्टी चालव. बँड तरीही आला, तर त्याचा टीएलआर४ शी संबंध नाही.

आता फ्लो. अँटीबॉडीचा आकार वायसारखा. वरच्या दोन हातांनी ती आपलं लक्ष्य धरते. पण खालची शेपटी, म्हणजे एफसी भाग, धरणारे रिसेप्टर मोनोसाइटवर असतातच, कारण अँटीबॉडी माखलेले जंतू गिळणं हे मोनोसाइटचं कामच आहे. एचटीए१२५ उंदराची आयजीजी२ए जातीची अँटीबॉडी आहे. आणि माणसाच्या मोनोसाइटवरचा सीडी६४ हा एफसी रिसेप्टर उंदराच्या नेमक्या आयजीजी२ए ला घट्ट धरतो. म्हणजे तुझी अँटीबॉडी हातांनी टीएलआर४ ला धरून बसली आहे, की शेपटीने सीडी६४ वर लटकली आहे, हे यंत्राला कळत नाही. चमक दोन्हीकडे सारखीच.

त्यात रुग्णांची गोष्ट. संसर्गात, दाहात पेशींवरचा सीडी६४ वाढतो. मधुमेहाच्या रुग्णांना पायाची जखम असेल, लघवीचा संसर्ग असेल, तर तुझा 'वाढलेला टीएलआर४' हा वाढलेला सीडी६४ असू शकतो. तो आहेच, असं मी म्हणत नाही. पण तू अजून ते खोडून काढलेलं नाहीस, आणि तोवर तो आलेख प्रबंधात जाता कामा नये.

खोडून कसं काढायचं? अँटीबॉडी घालण्याआधी पेशींना माणसाची आयजीजी भरपूर दे आणि दहा-पंधरा मिनिटं ठेव. एफसी रिसेप्टर तिनेच भरून जातील. तयार एफसी ब्लॉक मिळतो, तोही चालेल. सोबत आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे त्याच जातीची पण टीएलआर४ ला न धरणारी अँटीबॉडी हवीच, आणि तो कंट्रोल आयजीजी२ए च हवा. फ्रीजमध्ये आधीपासून पडलेला आयजीजी१ वापरून चालणार नाही, कारण सीडी६४ ला आयजीजी१ फारसा धरवत नाही. मग तुझी पार्श्वभूमी खोटीच कमी दिसेल आणि फरक खोटाच मोठा. रंग तोच, मात्रा तीच, शक्यतो कंपनीही तीच. आणि हा कंट्रोल प्रत्येक रुग्णाच्या रक्तावर कर. पहिल्या दिवशी एकदा करून पुढे सगळ्यांना तोच आकडा लावणं, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

मोनोसाइटवर टीएलआर४ मुळातच कमी असतो. मोनोसाइटवर भरपूर असणाऱ्या सीडी१४ सारखा आलेखात डोंगर दिसेल अशी अपेक्षा धरू नकोस. पेशींची स्वतःची चमक असते, तिच्यात हा सिग्नल बुडून जातो. एफआयटीसी या रंगाऐवजी पीई हा रंग जोडलेली अँटीबॉडी घे, ती पुष्कळ जास्त चमकते. मात्रा पत्रकावरून उचलू नकोस, आपल्या पेशींवर पातळ करत करत स्वतः ठरव.

आणखी एक विचारते. रुग्णांचं रक्त ओपीडीतून गोळा होऊन तुझ्याकडे दुपारी पोचत असणार, आणि निरोगी रक्त बहुधा तुमच्याच होस्टेलच्या मुलींचं, काढलं की लगेच टेबलावर. नळीत तासन्‌तास उभं राहिलेल्या रक्तातले मोनोसाइट चाळवतात, काही नळीच्या भिंतीला चिकटून मोजणीतून गळतात. तेव्हा दोन गटांतला फरक मधुमेहाचा आहे की उशिराचा? निरोगी रक्तही तितकाच वेळ थांबवून बघ. शिवाय वयाचा फरक आहेच. होस्टेलच्या मुली विशीतल्या, रुग्ण साठीचे.

एवढं झाल्यावर, ही अँटीबॉडी मुळात टीएलआर४ लाच धरते का, याचा पुरावा आपल्या टेबलावर एकदा तरी उभा कर. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या एचईके२९३ पेशींत टीएलआर४ नसतो. त्या साध्या पेशी एका नळीत, टीएलआर४ आणि एमडी-२ चे जीन घातलेल्या दुसऱ्या नळीत. पहिल्या अंधाऱ्या आणि दुसऱ्या चमकल्या तर बरं. पहिल्याही चमकल्या तर थांबायचं. पुण्याला राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडे पेशींचं भांडार आहे, संशोधन संस्थांना पेशी तिथून मिळतात. तुमच्या विभागातून रीतसर मागणी कर. थोडा वेळ जाईल, जाऊ दे.

मी हे इतकं घोळवून सांगते आहे, कारण हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटीबॉडी तपासल्या. ज्या पेशींतून ते प्रथिन जीनसकट काढून टाकलं आहे, त्यांच्याशेजारी ठेवून. लक्ष्य न ओळखणाऱ्या अँटीबॉडी वापरून केलेले शोधनिबंध एकेका प्रथिनामागे सरासरी बारा निघाले. त्या निबंधांवर पुढचे प्रबंध उभे राहिले, पैसा गेला, मुलामुलींची वर्षं गेली. 'सगळ्यांनी वापरली आहे' हा पुरावा नव्हे. व्हायलवरचं लेबल तर नव्हेच.

प्रश्न : कराडला एम.एस्सी.चा प्रकल्प करतोय. उंदराच्या मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) एमटीएस५१० क्लोनने टीएलआर४ छान दिसतो. एलपीएस दिल्यावर मात्र थोड्याच वेळात सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो. 'एलपीएसमुळे टीएलआर४ पेशीच्या आत ओढला जातो' असं लिहू का?

उत्तर : इतक्यात नको लिहूस. एमटीएस५१० टीएलआर४ ला धरते ती एमडी-२ सोबतच्या, एलपीएस न बसलेल्या रूपात. एलपीएस बसलं की टीएलआर४ आणि एमडी-२ च्या दोन जोड्या एकमेकींना भिडतात, रिसेप्टरचं रूप पालटतं आणि एमटीएस५१० ला हवी असलेली जागा तिला मिळत नाही. रिसेप्टर पेशीवर जागच्या जागी असेल, तरी तुझी अँटीबॉडी तो 'नाही' असंच सांगेल.

यावर उपाय तयार आहे. एसए१५-२१ हा दुसरा क्लोन एलपीएस बसलेलं असो वा नसो, टीएलआर४ ला धरतो. दोन्ही समांतर चालव. एमटीएस५१० चा सिग्नल घसरला आणि एसए१५-२१ चा तसाच राहिला, तर रिसेप्टरला एलपीएस भेटलं आहे पण तो अजून बाहेरच आहे. दोन्ही घसरले, तर तो आत गेला. टीएलआर४ खरोखर आत जातो, त्यात सीडी१४ चा हात असतो आणि आत गेल्यावर इंटरफेरॉन हे संरक्षक प्रथिन बनवण्याचा वेगळा संदेश निघतो, हे सगळं नीट सिद्ध झालेलं आहे. म्हणजे तुझं वाक्य कदाचित खरंच ठरेल. पण ते तुझ्या प्रयोगातून निघायला दुसरा क्लोन लागेल. मला या दोन क्लोनची जोडी फार आवडते. एकीची उणीव दुसरीशेजारी ठेवली की तीच मोजमाप होते. वेळेचे टप्पे जवळजवळ घे, पहिल्या अर्ध्या तासात बरंच घडून जातं.

प्रश्न : मिरजेच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. टीएलआर४ अडवणारी अँटीबॉडी मोनोसाइटवर घातली, म्हणजे टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) कमी यायला हवा. आमच्याकडे एलपीएस न देताही, नुसत्या अँटीबॉडीनेच टीएनएफ वाढतो! तीनदा केलं, तीनदा तेच. आता मॅडम म्हणतात, ही अँटीबॉडी रिसेप्टरला अडवत नाही, चेतवते, आणि हा नवा शोध आहे.

उत्तर : नवा शोध म्हणण्याआधी ती अँटीबॉडी शंभर अंशाला अर्धा तास उकळा. खरंच सांगते. उकळल्यावर अँटीबॉडीसारखं प्रथिन मरतं, एलपीएसला काहीही होत नाही. उकळलेल्या द्रावणानेही टीएनएफ तितकाच वाढला, तर काम अँटीबॉडीचं नाही, तिच्यासोबत आलेल्या एंडोटॉक्सिनचं आहे. दुसरी बाजूही तपासा. पॉलिमिक्सिन बी घातलं की ते एलपीएसला बांधून ठेवतं. त्याने टीएनएफ खाली आला, तर संशय पक्का.

टीएलआर४ वर काम करणाऱ्याची ही सगळ्यांत मोठी अडचण. तुम्ही ज्या रिसेप्टरचा अभ्यास करता, त्याला चेतवणारा रेणू तुमच्या पाण्यात, बाटलीत, पिपेटच्या टोकावर, हातमोज्यावर असू शकतो. मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आतलं एलपीएसही मोनोसाइटला पुरतं. २००० च्या सुमारास हीट शॉक प्रथिनं (पेशीवर ताण आला की वाढणारी प्रथिनं) टीएलआर४ ला चेतवतात, असे निबंध धडाधड आले. मोठमोठ्या प्रयोगशाळांतून. पुढे लक्षात आलं, की ती प्रथिनं ई. कोलायमध्ये बनवलेली होती आणि त्या परिणामाचा बराचसा वाटा ई. कोलायच्याच एलपीएसचा होता. नीट शुद्ध केलेल्या प्रथिनाने तो परिणाम होईना. तेव्हा तुमच्या मॅडमना हे दाखवा, पण आदराने. असा निष्कर्ष काढण्याचा मोह त्यांच्याहून मोठ्यांनाही झाला आहे.

आता लॅबमधल्या सवयी. ऑटोक्लेव्हवर, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करण्यावर, विसंबू नका. १२१ अंशाला जिवाणू मरतात, पण मेलेल्या जिवाणूचं एलपीएस तिथेच राहतं, उलट फुटलेल्या पेशींतून मोकळं होतं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन महिनाभर कोपऱ्यात उभा असेल, तर त्यात काय वाढलंय ते बघायलाही जाऊ नका, ओतून द्या. काचेचं सामान कोरड्या उष्णतेने, २५० अंशाला अर्धा तास. तेवढ्याने एलपीएस जळतं. बफर बनवायला औषधाच्या दुकानात मिळणारं इंजेक्शनचं पाणी वापरा. त्यात एंडोटॉक्सिनची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ युनिट अशी ठरलेली असते, आणि मिरजेत ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. लॅबच्या खर्चात ही सगळ्यांत स्वस्त सुधारणा.

आणि ती व्हायल नेमकी कोणती घेतली होती? पेशी रंगवण्यासाठीच्या अँटीबॉडीत टिकाऊपणासाठी सोडियम अ‍ॅझाइड असतं. ते जिवंत पेशींना विष आहे. रिसेप्टर अडवण्याच्या प्रयोगाला अ‍ॅझाइड नसलेली, कमी एंडोटॉक्सिनची म्हणून वेगळी विकली जाणारी तयारी लागते. क्लोन तोच, व्हायल वेगळी, किंमत जास्त. अ‍ॅझाइडने पेशी मेल्या, तर टीएनएफ कमी येतो आणि 'अँटीबॉडीने छान अडवलं' असा उलटा गैरसमज होतो. म्हणून प्रत्येक वेळी पेशी किती जिवंत आहेत ते मोजा. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करता आली तर उत्तमच. हॉर्सशू क्रॅब, म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या खेकड्याच्या निळ्या रक्तातल्या पेशींपासून ती बनते. ते रक्त एंडोटॉक्सिन लागलं की गोठतं. या प्राण्याचे भाऊबंद आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर आहेत. आपल्या इंजेक्शनांची शुद्धता इतकी वर्षं त्याच्या जिवावर तपासली गेली, हे मनात आलं की मला त्याच्याविषयी खरंच कृतज्ञता वाटते. आता त्यातला महत्त्वाचा घटक जीन वापरून कृत्रिमरीत्या बनवता येतो. तो वापरणारी किट मिळाली तर तीच घ्या.

तीनदा तेच आलं म्हणता, तर त्याच बाटलीतून तीनदा तेच येणार. बाटली बदलून बघा.

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमच्या आठ म्हशी आहेत. एकीला कासेची दगडी झाली, ताप, दूध पाण्यासारखं. मुलगी बी.एस्सी.ला आहे, ती म्हणाली ई. कोलायमुळे होतं आणि टीएलआर४ अडवणारी अँटीबॉडी असते. ती म्हशीला टोचता येईल का? महाग असली तरी चालेल.

उत्तर : दादा, नाही टोचता येणार, आणि टोचू नये. मुलीने कारण मात्र बरोबर ओळखलं आहे. ई. कोलाय सडातून कासेत शिरला की त्याच्या एलपीएसची खबर टीएलआर४ देतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यातूनच सूज आणि ताप. पण ती खबर बंद पाडली, तर जिवाणू मोकाट सुटतो. मघाशी सांगितलेले सी३एच/एचईजे उंदीर एंडोटॉक्सिनने मरत नाहीत, पण साल्मोनेलाच्या संसर्गाला मात्र लवकर बळी पडतात. माणसातही टीएलआर४ अडवणारं एरिटोरान नावाचं औषध गंभीर सेप्सिसच्या सुमारे दोन हजार रुग्णांवर तपासलं गेलं. निकाल २०१३ मध्ये आला. मृत्यू कमी झाले नाहीत.

शिवाय या व्हायली फक्त प्रयोगशाळेसाठी असतात, तसं त्यांवर छापलेलंच असतं. त्या माणसाच्या किंवा उंदराच्या रिसेप्टरवर बेतलेल्या. म्हशीचा टीएलआर४ त्यांना धरता येईल की नाही, हे वेगळं तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. मुलीला पुढे संशोधनात जायचं असेल, तर हा चांगला विषय आहे. मला जरूर लिहायला सांगा.

म्हशीसाठी आजच पशुवैद्यकांना बोलवा. पाण्यासारखं दूध आणि ताप एकत्र आला की रात्र काढायची नाही. अँटिबायोटिक सांगितलेले सगळे दिवस द्या, दोन दिवसांत दूध सुधारलं म्हणून सोडू नका. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या म्हशीचं दूध डेअरीत घालू नका, रेडकालाही पाजू नका. बाकीच्या सातही म्हशींचं दूध सीएमटीच्या, म्हणजे दगडी ओळखण्याच्या चाचणीच्या, द्रावणाने गोठ्यातच तपासून घ्या. दूध आणि द्रावण सारखं घेऊन हलवायचं, जेलीसारखं घट्ट झालं तर त्या सडाला आतून सूज आहे. आणि धार काढल्यावर लगेच वैरण टाका, म्हणजे म्हैस अर्धा तास तरी उभी राहील. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं, ती शेणात बसली की ई. कोलाय तिथूनच आत जातो.

प्रश्न : पीई लावलेली अँटीबॉडी मे महिन्यात विट्याला कुरिअरने आली, बर्फ पूर्ण वितळलेला. व्हायल फेकून द्यायची का? आणि लाइट जाते म्हणून डीप फ्रीजमध्ये ठेवली तर?

उत्तर : फेकू नका. अँटीबॉडी तशी चिवट असते, एक-दोन दिवसांच्या उकाड्याने सहसा जात नाही. डीप फ्रीजमध्ये मात्र मुळीच ठेवू नका. पीई हे लाल शैवालातलं मोठं प्रथिन आहे, ते गोठलं की बिघडतं आणि चमक जाते. जागा फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत, उजेडापासून लांब, म्हणून व्हायल फॉइलमध्ये गुंडाळून. फ्रीजच्या दारात ठेवू नका आणि बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नको. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका, काही तास थंडावा टिकतो. रोज लांबलचक भारनियमन असेल तर लसीच्या शीतपेटीतले आइसपॅक आत ठेवा, पण व्हायलला चिकटवून नकोत.

वापरण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवा, म्हणजे गुठळ्या तळाशी बसतील, आणि वरचं द्रावण घ्या. मग ज्या पेशींवर ती चालतेच अशा पेशींवर तपासा. जुनी व्हायल शिल्लक असेल तर तिच्याशेजारी. आलेल्या दिवसाची तारीख, लॉट नंबर आणि 'बर्फ वितळलेला' एवढं व्हायलवर लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी विक्रेत्याला फोटो पाठवा. लॉट बदलला की हीच तपासणी पुन्हा करायची आहे, तेव्हा जुन्या लॉटचे थोडे थेंब नेहमी मागे ठेवा.